दोन गायिका आणि जाझच्या काही मैफली

आपल्या मंडळात गाण्याची आवड असणाऱ्या भगिनींची वाण नाही. भजनी वर्ग आहे, नाट्यगीतांच्या स्पर्धा होतात, कोजागिरीला दूध आटेपर्यंत आणि आटल्यावरही भावगीते चालतात. पण ‘जाझ’ हा शब्द काढला की बहुतेकींच्या कपाळाला आठी पडते. हा हॉटेलांतला गोंगाट, पेल्यांच्या खणखणाटात ऐकायचा. त्याच्या वाटेला आपण घरंदाज बायकांनी कशाला जावे? मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत असे. तेव्हा स्मरणिकेसाठी जाझच्या मैफलींवर लिहिते असे मी सांगताच “अगबाई, दुसरा विषय नाही का मिळाला?” असा प्रश्न आला, त्याचा मला राग नाही.

एकच गोष्ट सांगते. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. परग्रहावर कोणी असलेच, तर त्याला पृथ्वीवरचे गाणे कळावे म्हणून प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे. तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा जाझही आहे. आकाशात ही दोघे शेजारी नांदू शकतात, तर आमच्या दिवाणखान्यात का नांदू नयेत?

आणि खरे सांगायचे तर जाझ आपल्या कानांवरून कधीच गेलेला आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यामागून आणखी अमेरिकन वादक आले, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या मुलांनी ही विद्या उचलली. ही मुले चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली, व्हायोलिन आणि ट्रंपेट हाताळलेली होती. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ हा त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो गाजला, आणि मुंबईचे लोक त्याला आपला आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या आपल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरले. १९५१ सालचा ‘अलबेला’ ज्यांनी पाहिला असेल त्यांनी चिक चॉकलेटला पडद्यावर ताफ्यासह पाहिलेले आहे, आणि त्या गाण्यांवर पाय हलवलेला आहे. मग आता आठ्या घालून काय उपयोग!

जाझ म्हणजे काय, हे मोठ्या शास्त्रात न शिरता सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्स शहराच्या आसपास, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन लोकांच्या मुलानातवंडांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत घडविले. गाण्याचा एक सांगाडा ठरलेला असतो, बहुधा १२ किंवा ३२ मापांचा. तो पुन्हा पुन्हा फिरतो, जसे आपल्याकडे तालाचे आवर्तन फिरते. त्या सांगाड्यावर प्रत्येक वादकाने किंवा गायिकेने आपल्या मनाने भर घालायची. म्हणजे आपण ज्याला उपज म्हणतो तीच. कालची उपज आज तशीच्या तशी केली तर जाणकार नाक मुरडतात. म्हणूनच जाझचे खरे सुख समोरासमोरच्या मैफलीत असते. ध्वनिमुद्रण ही त्या सुखाची केवळ सावली, पण दूरदेशीच्या आणि दिवंगत कलावंतांच्या बाबतीत आपल्या नशिबी सावलीच आहे, आणि ती सुद्धा थोडीथोडकी नाही.

आता त्या रात्रीकडे वळते. रविवार, १६ जानेवारी १९३८. न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल हे १८९१ साली उघडलेले, रशियन संगीतकार चायकोव्हस्की याच्या उपस्थितीने पावन झालेले, अभिजात संगीताचे देवघर. तेथे त्या रात्री बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाचा जाझ होता. गुडमन शिकागोच्या एका गरीब यहुदी कुटुंबातला, बारा भावंडांतला नववा. त्या सभागृहात नाचाचे संगीत वाजवायचे म्हणजे एखाद्या देवळाच्या सभामंडपात तमाशाचा फड उभा करण्यासारखेच अनेकांना वाटले. पण तिकिटे संपली, आणि शेवटी रंगमंचावरही खुर्च्या टाकाव्या लागल्या.

या मैफलीचे महत्त्व निव्वळ सुरांचे नव्हते. गुडमन गोरा, पण त्याच्याबरोबर पियानोवर टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवर लायनेल हॅम्प्टन हे दोघे कृष्णवर्णीय होते. शिवाय काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या कृष्णवर्णीय ताफ्यांतले नामांकित वादक पाहुणे म्हणून आले होते. गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल संघात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू शिरला तो १९४७ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी हे लोक कार्नेगी हॉलच्या मंचावर खांद्याला खांदा लावून बसले होते. शेवटी एक लांबलचक, ढोलाच्या घुमाऱ्यावर चढत जाणारी रचना झाली. ती संपत आली असताना गुडमनने अचानक पियानोवादक जेस स्टेसीला खूण केली. त्याला एकट्याने वाजवायचे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते. एवढ्या गदारोळानंतर त्याने दोनएक मिनिटे असे काही हळुवार वाजविले की, ते ऐकताना जत्रेतून निघून गाभाऱ्यात आल्यासारखे वाटते.

हे आज आपल्याला ऐकता येते याचे कारण मोठे घरगुती आहे. त्या काळी मैफल मुद्रित करून विकावी असे कोणाच्या मनात नव्हते. अल्बर्ट मार्क्स नावाच्या गृहस्थाने आपल्या पत्नीला, म्हणजे पूर्वी गुडमनबरोबर गात असलेल्या हेलन वॉर्ड हिला, भेट देण्यासाठी म्हणून मैफल टिपून घ्यायची व्यवस्था केली. त्या तबकड्यांची एक जोडी गुडमनकडे गेली आणि कपाटात पडून राहिली. १९५० साली ती बाहेर आली, कोलंबिया कंपनीने छापली, आणि घरोघर पोहोचली. नवऱ्याने बायकोसाठी साडी घेण्याऐवजी हे केले म्हणून जगाला ही रात्र मिळाली. आमच्या घरांतून अशा भेटी मिळत नाहीत, ही आपली माझी तक्रार!

परंतु मला ज्या दोघींविषयी सांगायचे आहे त्या कार्नेगी हॉलमध्ये नव्हत्या. त्या त्याच रात्री शहराच्या उत्तरेला, हार्लेम वस्तीत, सव्हॉय बॉलरूममध्ये गात होत्या.

सव्हॉय हे लेनॉक्स रस्त्यावरचे नृत्यगृह १९२६ साली सुरू झाले. इमारतीने रस्त्याची एक अख्खी बाजू व्यापलेली. गोऱ्यांना आणि काळ्यांना एकाच दाराने प्रवेश होता, आणि एकाच फरशीवर ते नाचत असत. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट अपूर्व होती. आत दोन मंच शेजारी शेजारी होते; एक ताफा थांबला की दुसरा उचलून धरी. कधी कधी दोन ताफ्यांचा सामना लावीत, आपल्याकडे भजनाच्या बाऱ्या लागतात तसा. १६ जानेवारीच्या रात्री सामना होता चिक वेब आणि काउंट बेसी यांचा. कार्नेगीची मैफल आटोपून गुडमनसह पुष्कळ वादक तसेच तडक तेथे गेले. देवळातला मान घेऊन झाल्यावर फडावर खरे गाणे ऐकायला जावे, तसेच हे. वेबच्या बाजूला गाणारी होती एला फिट्झजेराल्ड, वय वर्षे २०. बेसीच्या बाजूला बिली हॉलिडे, वय वर्षे २२. त्या रात्री कोण जिंकले याविषयी त्या वेळच्या संगीतविषयक मासिकांतही एकमत झाले नाही.

या दोघींची नावे जाझच्या इतिहासात नेहमी जोडीने घेतली जातात. आणि जोडीने घेतली की तुलना ही आलीच. बिली म्हणजे दुःख, एला म्हणजे आनंद. बिली म्हणजे जखम, एला म्हणजे हसू. बिलीचे गाणे अनुभवाचे, एलाचे नुसते गळ्याचे. मीही सुरुवातीला हेच ऐकले आणि हेच मानले. एलाचा आवाज इतका स्वच्छ, इतका सुरेल, की वाटे, हिचे काय जाते! सुखवस्तू घरात लाडाकोडात वाढली असेल. पुढे तिचे चरित्र वाचनात आले, आणि माझी मला लाज वाटली.

एलाचा जन्म २५ एप्रिल १९१७ चा, व्हर्जिनिया राज्यातला. लहानपण न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात गेले. १९३२ साली आई वारली. पोरकी पोर मावशीकडे हार्लेममध्ये आली, शाळा सुटली, भलत्यासलत्या कामांना लागली. सरकारी माणसांनी धरून तिला प्रथम अनाथगृहात आणि मग हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहात टाकले. तेथे मुलींना मारहाण होत असे. त्या सुधारगृहात गायनपथक होते, चांगले नावाजलेले होते. पण त्यात फक्त गोऱ्या मुली घेत. पुढे जिचे गाणे साऱ्या जगाने ऐकले, तिला त्या पथकात जागा नव्हती! ती तेथून पळाली आणि हार्लेमच्या रस्त्यांवर नाचून, मिळेल तेथे झोपून दिवस काढू लागली. या साऱ्याविषयी ती जन्मभर जाहीरपणे बोलली नाही. तिच्या मृत्यूनंतर, १९९६ साली, वर्तमानपत्रातून हे लोकांना कळले.

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी ती अपोलो थिएटरात हौशी कलावंतांच्या स्पर्धेत उतरली. बेत होता नाचण्याचा. पण तिच्या आधी दोघी बहिणी इतक्या सुरेख नाचल्या की हिचे पाय गळाले. फाटके कपडे, पायांत मोठ्या माणसाचे बूट, आणि अपोलोचे प्रेक्षक म्हणजे हुर्यो उडविण्यात पटाईत. ऐन वेळी तिने ठरविले की गावे. सुरुवात चाचरत झाली, आणि मग पहिले बक्षीस मिळाले : २५ डॉलर. विजेत्याला त्या थिएटरात आठवडाभर काम देण्याचाही रिवाज होता. ते काम तिला दिले नाही, कारण तिचे रूप आणि अवतार मंचाला शोभणारा नव्हता म्हणे.

हीच अडचण चिक वेबकडेही आली. वेब स्वतः क्षयाने पाठीला कुबड आलेला, चार फुटांपेक्षा थोडाच उंच, पण ढोल वाजवायला बसला की सव्हॉयचा राजा. मे १९३७ मध्ये त्याने याच सव्हॉयमध्ये गुडमनच्या ताफ्याला हरविले होते. रूपामुळे माणसाला काय सोसावे लागते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी प्रथम तोही नको म्हणाला. मग येल विद्यापीठातल्या एका नृत्यसमारंभात तिला गाऊन पाहू दिले, विद्यार्थ्यांना ती आवडली, आणि १९३५ साली ती त्याच्या ताफ्यात रुजू झाली. १९३८ च्या उन्हाळ्यात लहान मुलींच्या खेळातल्या एका गाण्यावरून बांधलेले तिचे गीत अमेरिकाभर वाजू लागले. १९३९ साली वेब अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला, आणि बावीस वर्षांच्या एलाच्या नावाने तो पुरुषांचा ताफा पुढे १९४२ पर्यंत चालला.

आता बिलीची गोष्ट. ती ७ एप्रिल १९१५ ला फिलाडेल्फियात जन्मली, बाल्टिमोरला वाढली. खरे नाव एलिनोरा. तीसुद्धा वयाच्या नवव्या वर्षी सुधारगृहात गेलेली! दोघींच्या आयुष्यातला हा सारखेपणा तुलना करणारांच्या ध्यानात क्वचित येतो. आईच्या मागोमाग हार्लेमला आली आणि छोट्या छोट्या क्लबांतून टेबलाटेबलांशी जाऊन गाऊ लागली. १९३३ साली तिचे पहिले ध्वनिमुद्रण बेनी गुडमनबरोबर झाले. तिचा आवाज मोठा नव्हता, पल्लाही थोडा. पण शब्द ठोक्यावर न टाकता जरा मागे, जरा पुढे, असा सोडायची की ऐकणाराचा जीव टांगणीला लागे. लय जिच्या हातात आहे तिला मोठा गळा लागत नाही, हे आपल्या ठुमरी गाणाऱ्या बायका जाणतात.

बेसीच्या ताफ्यात लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवादक होता. मऊ, सावकाश बोलणारा, वाद्य तिरपे धरून वाजवणारा. तो आणि बिली यांची मैत्री ही जाझमधली एक मोठी गोष्ट आहे. त्याने तिला ‘लेडी डे’ हे नाव दिले. तिने त्याला ‘प्रेझ’ म्हणजे ‘अध्यक्ष’ केले. १९३७ पासूनच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर गाते कोण आणि वाजवते कोण असा संभ्रम पडतो; सारंगीवाला जसा बाईच्या गळ्यामागून जातो, तसा तो तिच्यामागून जातो, आणि मधूनच पुढे होऊन दार उघडून धरतो.

१९३८ साली बिली आर्टी शॉ या गोऱ्या वादकाच्या ताफ्यात गेली. मंचावर गाणे तिचे. पण प्रवासात खाणावळीत जागा नाही, आणि न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, जेथे ती रोज गात होती तेथेच, तिला सामानाच्या पाळण्यातून वर जायला सांगितले गेले. तिने ते काम सोडले. डिसेंबर १९३८ मध्ये ‘कॅफे सोसायटी’ नावाची एक जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात उघडली. मालक बार्नी जोसेफसन याने ठरविले होते की येथे गोऱ्याकाळ्यांनी एकत्र बसायचे, नको असेल त्याने येऊ नये. या जागी १९३९ साली बिलीने ते गाणे प्रथम म्हटले, ज्याने तिचे नाव अमर झाले. दक्षिणेत जमावाने कृष्णवर्णीयांना झाडांना टांगून मारण्याचे प्रकार होत, त्यावर एबल मीरोपोल या शाळामास्तराने लिहिलेले ते गीत. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे त्याचे नाव.

ते कसे सादर व्हायचे ते ऐका. रात्रीच्या कार्यक्रमाच्या अगदी शेवटी. वाढपी जागच्या जागी थांबत; त्या वेळी कोणी काही मागायचे नाही, गल्ल्यावर पैसे मोजायचे नाहीत. सगळे दिवे मालवीत आणि एकच झोत बिलीच्या चेहऱ्यावर ठेवीत. केसांत तिचे नेहमीचे पांढरे गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत. गाणे संपले की काळोख. दिवे लागत तेव्हा मंच मोकळा. पुन्हा येऊन लवणे नाही, ‘वन्स मोअर’ नाही. करमणुकीला आलेल्या माणसांच्या घशात घास अडकावा अशीच ती योजना होती. तिची नेहमीची ध्वनिमुद्रण कंपनी हे गीत मुद्रित करायला धजली नाही; कमोडोर या छोट्या कंपनीने एप्रिल १९३९ मध्ये ते केले. कार्नेगीच्या सोहळ्याला आणि या काळोखाला एका तराजूत घालायचे झाले तर मी काळोखाचे पारडे जड म्हणेन.

पुढची तिची कथा दुःखाची आहे, आणि ती इतक्यांनी इतक्या चवीने सांगितली आहे की मी थोडक्यात उरकते. अफूच्या जातीच्या व्यसनात ती सापडली. १९४७ साली तुरुंगात गेली. सुटल्यावर मार्च १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉल खच्चून भरविले. पण न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या जागी गाण्याचा तिचा परवाना गेला तो गेलाच. जेथे जाझ रोज जिवंत असे, ते छोटे क्लब तिला बंद झाले.

मध्येच थोडे विषयांतर करते, कारण ‘मैफलीचे मुद्रण’ या शब्दांवर भाबडा विश्वास ठेवू नये. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्ट येथील महोत्सवात ड्यूक एलिंग्टनचा ताफा वाजला. त्याचे दिवस त्या वेळी उतरलेले होते. पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने एका रचनेच्या मध्यावर बारा मापांच्या सांगाड्यावर ओळीने २७ आवर्तने वाजविली, श्वास घ्यायला उसंत न घेता. काळ्या पोशाखातली एक बाई जागची उठून नाचू लागली, तिच्यामागे सारा समुदाय उठला. मंचाच्या कडेला बसलेला जो जोन्स हा जुना ढोलवादक गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ठेका धरून वादकांना चेव आणीत होता. दीड महिन्यात एलिंग्टनचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पण गोन्साल्विस वाजवत होता तो भलत्याच मायक्रोफोनसमोर, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ नभोवाणीच्या! त्यामुळे कंपनीच्या मुद्रणात त्याचा आवाज दूरवरून आल्यासारखा आला. शिवाय बाकीचा काही भाग मागाहून स्टुडिओत वाजवून, टाळ्या चिकटवून, तबकडी विकली गेली. नभोवाणीची फीत हाती लागून खरी मैफल बाहेर आली ती १९९९ साली. गोन्साल्विस आडनावावरून कोणी त्याला गोव्याचा समजेल. तो केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या कुटुंबातला होता. पोर्तुगिजांची आडनावे कुठे कुठे जाऊन वाजू लागली, पाहा.

आता बिलीची जी मैफल मला सर्वांत जवळची वाटते ती. ८ डिसेंबर १९५७, रविवार. सी.बी.एस. या कंपनीने जाझचा तासाभराचा दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. मुद्रित नव्हे, तेथल्या तेथे होऊन घरोघर दिसणारा. बिली एका उंच स्टुलावर बसली आहे आणि भोवती कोलमन हॉकिन्स, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज असे एकेक दिग्गज उभे आहेत. त्यांत लेस्टर यंगही आहे. तो आजारी होता, खंगलेला होता; तालमीत बसूनच होता. बिलीने स्वतः रचलेले, आपल्या नाठाळ प्रियकराविषयीचे गाणे सुरू केले. लेस्टरची पाळी आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याने एकच आवर्तन वाजविले. बारा मापे, मोजके सूर, एकही जादा नाही. चित्रफितीत बिलीचा चेहरा दिसतो. ती मान हलवते, ओठांच्या कोपऱ्यात हसते; वीस वर्षांपूर्वीचे सारे काही तिला ऐकू येत असावे असे ते हसू आहे. यंत्रांच्या खोलीत बसलेल्या माणसांचे डोळे भरून आले, असे तेथे हजर असलेल्या नॅट हेन्टॉफ या समीक्षकाने लिहून ठेवले आहे. मार्च १९५९ मध्ये लेस्टर गेला. चार महिन्यांनी, १७ जुलैला, बिली गेली. रुग्णालयातल्या खाटेवरच तिला अटक केली होती आणि खोलीच्या दाराशी पोलीस बसविले होते. वय ४४.

एला या सगळ्या काळात गातच होती. नॉर्मन ग्रँझ हा तिचा व्यवस्थापक हट्टी माणूस. प्रेक्षकांत गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या रांगा असतील तेथे तो कार्यक्रमच करीत नसे. ऑक्टोबर १९५५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे त्याने सभागृहातल्या वेगळेपणाच्या पाट्या काढायला लावल्या. त्या रात्री साध्या वेषातले पोलीस एलाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत घुसले. काही वादक तेथे फासे खेळत होते, एवढे निमित्त पुरले. एला बिचारी कॉफी पीत बसली होती. तिलाही पकडून चौकीवर नेले. आणि चौकीवर एका पोलिसाने तिची सही मागितली! जामीन भरून सारे जण परत आले आणि दुसरा खेळ झाला. मी कधीपासून म्हणते आहे की एलाचे हसू सुखवस्तूपणाचे नव्हते, ते या रात्री पाहावे. खोलीत रडत बसलेली ती बाई तासाभराने मंचावर उभी राहून गायली, आणि प्रेक्षकांना सुरात कोठे ओलही जाणवू दिली नसेल.

आणि शेवटची मैफल बर्लिनची. १३ फेब्रुवारी १९६०. जागा डॉइचलांडहाले, १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझी राजवटीने बांधलेले प्रचंड सभागृह. त्याच राजवटीने जाझला ‘भ्रष्ट संगीत’ ठरविले होते. १९३८ साली ड्युसेलडॉर्फला तशा संगीताचे प्रदर्शनच भरविले, आणि त्याच्या जाहिरातीवर एका काळ्या सॅक्सोफोनवाल्याचे विटंबनाचित्र, छातीवर यहुद्यांचा तारा लावून, छापले होते. त्या सभागृहात आता बारा हजार जर्मन माणसे एका कृष्णवर्णीय बाईचे गाणे ऐकायला बसली होती. साथीला चौघेच : पियानो, गिटार, बास आणि ढोल.

कार्यक्रमाच्या शेवटाकडे तिने ‘मॅक द नाइफ’ घेतले. हे मूळचे बर्लिनचेच गाणे. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ सालच्या नाटकातले, आणि हे दोघेही नाझींमुळे परागंदा झालेले. इंग्रजी अवतारात ते त्या वेळी भलतेच लोकप्रिय होते. सुरू करण्यापूर्वी एला म्हणाली की कोणा बाईने हे गायलेले आम्ही ऐकलेले नाही. शब्द सगळे आठवतील अशी आशा करू. आणि नेमके चार-पाच कडवी होताच शब्द गेले.

आपल्याकडे बैठकीत चीज विसरली तर गवई आकारात शिरतो, बोलताना घेतो, तबलजीकडे पाहून हसतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. एलाने लपविले नाही. ताल धावतोच आहे, स्वर कडव्याकडव्याला एकेक पायरी वर चढतो आहे, आणि ती त्याच चालीत, यमके जुळवीत, प्रेक्षकांना सांगू लागली की पुढचे शब्द काही मला येत नाहीत. बॉबी डॅरिनने हे गायले, लुई आर्मस्ट्राँगने गायले, आणि आता एला व तिचे सोबती त्याची नासाडी करीत आहेत, अशा अर्थाचे. मग आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल. मग अर्थहीन अक्षरांची, आपल्या तराण्याच्या जातीची, बरसात. एकदाही ठोका चुकला नाही, स्वर ढळला नाही. प्रेक्षक हसतात, टाळ्या पिटतात. कोणी समजूतदार व्यवस्थापक असता तर एवढा भाग कापून टाकला असता. ग्रँझने तो जसाच्या तसा छापला, आणि त्या मुद्रणासाठी एलाला पुढच्या वर्षी ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

पंचवीस वर्षांपूर्वी अपोलोच्या मंचावर पाय गळाले असताना ऐन वेळी नाच सोडून गाणे धरणारी ती पोर, आणि बर्लिनला शब्द गेल्यावर गाणे न सोडणारी ही बेचाळीस वर्षांची बाई, या दोघी मला एकाच वेळी दिसतात. आपल्याकडे जन्मली असती तर हिराबाई, मोगूबाई यांच्या ओळीत तिला एलाबाई म्हटले असते. पुढे मधुमेहाने तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागले. १५ जून १९९६ रोजी ती वारली.

सव्हॉय १९५८ साली बंद झाले, ते पाडून तेथे राहत्या इमारती उभ्या राहिल्या. कार्नेगी हॉलही पाडायचे ठरले होते, पण आयझॅक स्टर्न या व्हायोलिनवादकाने रान उठविले आणि १९६० साली ते वाचले. बर्लिनचे सभागृह २०११ साली गेले. कार्नेगीची ती रात्र एका बायकोच्या भेटीपायी उरली. त्याच रात्री सव्हॉयमध्ये एला आणि बिली काय गायल्या ते कोणी टिपून ठेवले नाही. ज्या भगिनींना ऐकावेसे वाटेल त्यांनी आधी बर्लिनचे गाणे ऐकावे, तेही गाण्यापूर्वी ती जे दोन शब्द बोलते तेथपासून. आणि मग बिलीची १९५७ ची चित्रफीत, लेस्टर उभा राहतो तेथे तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून पाहावी.